आखूड साडी आणि बुटक्या बाया

परवा दुपारी गोडादऱ्यातल्या आमच्या घरी साड्यांचं लाइव्ह चाललं होतं. सून ज्योती मोबाइलसमोर बोलते, मुलगा सुनील मागे पार्सलं बांधतो, आणि साडी नेसून दाखवायला मी... म्हातारी उभी राहिली की बायका थांबून बघतात म्हणे. फुकटची मॉडेल.

त्या दिवशी निळी साडी नेसले. निऱ्या नेहमीएवढ्या घातल्या, तर पदर कमरेपाशीच संपला. आधी वाटलं, मीच अंगाने सुटले... पण आदल्या दिवशीची साडी नीट बसली होती. एका रात्रीत एवढं कोणी फुगत नाही.

सुनीलकडे पाहिलं, तर तो खाली बघून दोरा शोधायला लागला. तेव्हाच कळलं. पठ्ठ्याने कापडाचा ताका कापताना प्रत्येक साडीतली दीड वीत मारली होती, म्हणजे ताक्यामागे एक साडी जास्त निघते. वर चिठ्ठी मात्र साडेपाच मीटरचीच.

तेवढ्यात कोणीतरी लिहिलं, "आजी, लांबी पुरी आहे ना?" ज्योतीने वाचून दाखवलं आणि मला डोळा मारला. सुनील मागून हात जोडत होता... धंद्याचं सगळं भांडवल साड्यांच्या त्या गठ्ठ्यात अडकलेलं, ते मलाही ठाऊक होतं.

पण साडी माझ्या अंगावर होती. खोटं बोलायला तोंडही माझंच लागणार होतं.

म्हटलं, "बाई, आखूड आहे. माझ्याच दिवट्याने कापली. उंच असशील तर घेऊ नकोस, पदर हातात धरून फिरावं लागेल."

"हाई काय करं माय तू?" सुनील पुटपुटला. तेही लाइव्हवर सगळ्यांना ऐकू गेलं.

मग एकीने लिहिलं, "आजी, मी बुटकी. पुरी साडी मला निम्मी खोचावी लागते. ही मला पाठवा." मग दुसरी. तिसरीने सासूसाठी मागितली, 'ती माझ्याहून बुटकी' असं चारचौघांत लिहून. उधना, नंदुरबार, धुळे... एवढ्या बुटक्या बाया जगात आहेत हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गठ्ठा रिकामा. पार्सलं बांधण्याआधी सुनीलला समोर बसवून भाव उतरवायला लावला, आणि एकेका चिठ्ठीवर 'आखूड' असं त्याच्याच हाताने लिहून घेतलं. अक्षर भिकार आहे, पण खरं आहे.

बायांनो, मुलगा माझा, पण लाज तुम्ही राखलीत. सुखी राहा, आहात तेवढ्याच राहा.

आज सुनील भीत भीत विचारतो, माय, आखूड साड्यांची अजून मागणी आहे, कापू का? म्हटलं काप... चिठ्ठीवर खरं लिही, मग रुमालाएवढी कापलीस तरी माझं काही म्हणणं नाही.