ओली सुती साडी

आईसाठी मी सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगातली साडी घेतली. तिच्या नायलॉनच्या साड्या कुजत नाहीत, धुताना त्यांचे बारीक तंतू पाण्याबरोबर नदीत जातात, हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. साडी नेसून पदरावरून हात फिरवत म्हणाली, "किती मऊ आहे गं!"

काल गेले तेव्हा ती मोरीत तीच साडी पिळत होती. संधिवातानं वाकडी झालेली बोटं त्या ओल्या ओझ्याभोवती आवळायची, पण पाणी काही निघत नव्हतं.

"नायलॉनची नुसती झटकली तरी वाळते," ती ओशाळून म्हणाली. "पण तू ते नदीचं सांगितलंस ना..."

नदी खरी होती आणि ही बोटंही खरी होती. दोन्ही सांभाळेल असं कापड कुठल्या दुकानात मागावं?

मी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून साडी पिळली, दोरीवर टाकली. उद्या ती एकटीच असणार होती.

"आई, उद्यापासून तू नायलॉनचीच नेस."

"बरं," ती इतक्या चटकन म्हणाली, की मला तिच्याकडे बघवेना.