दोरीवरचे चिमटे

बागेच्या हिरवळीवर वाद्यवृंद वाजत होता. उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा सुटला होता, म्हणून वादकांनी समोरची स्वरलिपीची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली होती.

"अहो, आपल्या दोरीवरचे चिमटे!" बायको हसून म्हणाली.

मी सवयीने "शू" केलं. सिनेमात, मैफलीत, बातम्यांच्या वेळी मी तिला असंच गप्प करत आलो आहे.

मग निवेदिकेने सांगितलं की या रचनेला सेरेनेड म्हणतात. युरोपात पूर्वी उन्हाळ्यातल्या समारंभांसाठी ती लिहीत, आणि लोक बागेत खात-पीत, गप्पा मारत ती ऐकत. मी ओशाळलो. गप्पांना सोबत म्हणून जन्मलेल्या संगीतासाठी मी तिचं बोलणं तोडलं होतं.

पुन्हा व्हायोलिनं सुरू झाली. मी वाकून विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. ऐका तुम्ही."

इतक्यात एक पान सुटून उडालं. वादक तसाच वाजवत राहिला.

"त्याला आपला एक चिमटा द्यायला हवा होता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "आपले नकोत. प्लॅस्टिकचे उन्हानं तुटतात. लाकडी हवेत," म्हणाली, आणि मग बोलतच राहिली.

ती धून कशी होती, मला आता आठवत नाही.