शेवटच्या बाकाची मालकीण

शिंपीणबाई, तुला पुरलं त्या दिवशी पाळकसाहेबांनी तुझ्या नम्रतेचे इतके गोडवे गायले की ऐकणाऱ्यांचे दात शिवशिवले. तुला ते आवडलं नसतं. खरं म्हणजे आवडलं असतं, आणि तीच तर भानगड होती.

वाचणाऱ्यांसाठी सांगायचं तर, शिंपीणबाईचं मशीन गल्लीच्या तोंडाशी एका अरुंद खोलीत. नवरा लवकर गेला. दोन्ही मुली तिने एकटीने वाढवल्या, कुणापुढे हात पसरला नाही. पाळकांचे झगे ती फुकट शिवायची. चर्चमध्ये मात्र कायम शेवटच्या बाकावर. "आपली लायकी तेवढीच गं," म्हणायची, आणि जरा मोठ्यानेच म्हणायची.

एका रविवारी त्या बाकावर नळदुरुस्तीवाला बसला होता. डोळे तांबारलेले, अंगाला दारूचा वास.

"उठा. ही माझी जागा."

"बाई, पुढे सगळं मोकळंय की."

"मग तुम्ही बसा पुढे."

"कुठल्या तोंडाने बसू? म्हणून तर इथे टेकलो."

"तोंडाची एवढी काळजी, तर पिता कशाला?"

तो उठला, पण पुढे न जाता दाराबाहेर गेला. ती ऐटीत बसली. पापांची कबुली सुरू झाली. जन्मभर घडाघडा म्हटलेली प्रार्थना त्या दिवशी तिने अर्ध्यावरच सोडली. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या नावाने भाकरीचा तुकडा घ्यायला, सगळे उठले. ती जागची हलली नाही. पुढचे कित्येक रविवार तेच.

शेवटी शेजारीण वैतागली. "अगं, अशी किती दिवस उपाशी राहणार?"

"आधी त्या नळवाल्याची माफी मागते. चूक निस्तरते, मग जाईन."

"म्हणजे तेही स्वतःच्याच जिवावर! मग देवाची कृपा हवी कशाला तुला, शोभेला?"

"चार बुकं शिकलीस म्हणून वाट्टेल ते बोलू नकोस."

पण पुढच्या रविवारी ती उठली. काही न निस्तरता, तशीच गेली आणि ओंजळ पुढे केली. भाकरीचा तुकडा घेतला आणि खाल्ला.

माफी मागायची राहिलीच होती. नळवाल्याची खोली पुलापलीकडे. "मंगळवारी दोघी जाऊ," असं ठरलं. त्या मंगळवारी कुणाच्या तरी लग्नाचे कपडे द्यायचे निघाले, पुढच्या मंगळवारी शेजारणीचे गुडघे धरले, आणि त्यानंतर शिंपीणबाईच अंथरुणाला खिळली. नळवाला अजून तिथेच राहतो. दोघींपैकी कुणीही तो पूल ओलांडला नाही.