पुढची सीट नको म्हणणारा दुकानदार

खाकी उतरवून बरेच दिवस झाले, पण घोडबंदर रोडवरचं ते प्रकरण आठवलं की आजही ऊर अभिमानाने भरून येतो. खून नाही, दरोडा नाही. पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील.

सकाळच्या ट्रॅफिकमध्ये एक मोटार उभी होती. मागून टेम्पो टेकला. बंपरला जेमतेम पोचा आला, मागे बसलेल्या दोन मुलांना खरचटलंही नाही. पण ड्रायव्हरशेजारी बसलेल्या त्यांच्या आईची मान अशी दुखावली की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिचा नवरा, म्हणजे गाडीचा मालक, तावातावाने पोलीस ठाण्यात आला.

"एवढ्याशा धक्क्याने असं होतं का? ड्रायव्हरनेच कचकन ब्रेक मारला असणार. पुढच्या सीटच्या हेडरेस्टला मागून लावलेल्या स्क्रीनवर मुलांचं कार्टून चालू होतं, मागे वळून तेच बघत असेल. गुन्हा दाखल करा त्याच्यावर!"

ड्रायव्हर डोंबिवलीचा, चाळीशीचा. त्याचा चेहरा उतरलेला. "साहेब, गाडी उभीच होती ओ. माझ्या नावावर केस लागली ना, तर परत गाडी कोण देणार मला?"

टेम्पोवालाही म्हणाला, "नुसती टच झाली, साहेब." मालकाचं मत एकच, दोघं मिळालेले आहेत.

जखमी माणूस जिथे होता तिथे स्वतः बसून बघायचं, ही माझी जुनी पद्धत. हवालदार हसायचे, हसू देत. पंचनाम्याच्या वेळी मी त्या पुढच्या सीटवर बसलो आणि डोकं जोरात मागे टेकलं. उशीसारखं मऊ हेडरेस्ट सर्रकन खाली गेलं आणि माझी मान मागे लटकली. उपसून पाहिलं. कंपनीच्या हेडरेस्टच्या दांड्यांना खाचा असतात, त्यात बटण अडकतं, म्हणून हेडरेस्ट जागेवर राहतं. या दांड्या गुळगुळीत होत्या आणि घट्ट बसाव्यात म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मालक म्हणाला, "कंपनीचं आहे ते! वागळे इस्टेटच्या दुकानातून मुद्दाम बसवून घेतलं, मुलांसाठी."

त्या भागातल्या माझ्या खबऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, त्या दुकानदाराच्या गाळ्यात पडद्याचे पाइप लय येतात. पण पडदा शिवताना कोण दिसत नाय."

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. तो मात्र पक्का. दोन तास एकच पालुपद, "कंपनीचा माल आहे साहेब, आईशप्पथ." मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "ठीक आहे. चला, बाहेर ती अपघातातली गाडी उभी आहे, हेडरेस्ट परत बसवलंय, तिच्यातूनच तुमच्या गाळ्यावर जाऊ. तुम्ही पुढे बसा."

"नको साहेब, मी मागेच बसतो."

"अहो, पाहुणे तुम्ही. बसा पुढे."

बसला. पण मान बगळ्यासारखी पुढे काढून, डोकं काही टेकेना. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "टेका की डोकं. कंपनीचा माल आहे ना?"

त्याच्या कपाळावर घाम आला. गाडी चालूसुद्धा केली नव्हती. "साहेब... पाइप पडद्याचा आहे."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी पंचांसमक्ष गाळ्यातले कापलेले पाइप, स्क्रीन, फोम सगळं जप्त केलं. त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून असली हेडरेस्ट काढायला लावली. किती माना वाचल्या कोण जाणे, पण वाचल्या, आणि त्या आम्ही वाचवल्या.

इतक्या वर्षांत मी एक शिकलो. माणूस तोंड पढवून आणतो, पण स्वतःच्या जिवावर आलं की अंग खरं बोलतं. म्हणून काय बोलतो त्याआधी कसा बसतो ते बघावं.

ड्रायव्हरवरचा आळ गेला. जमा केलेलं लायसन मी त्याच्या हातात दिलं, तेव्हा मालक तिथेच होता. खाली बघत म्हणाला, "चुकलो मी. उद्यापासून येशील ना कामावर?"

ड्रायव्हरने लायसन खिशात ठेवलं. "येतो, साहेब. पण आधी कंपनीचं खरं हेडरेस्ट बसवून घ्या. मॅडम पुढेच बसतात."