भाताच्या टोपावरचा कुर्ता

इंग्रजी बोलायची मला किती भीती वाटते, हे कॉलेजात एकाच मैत्रिणीला माहीत होतं. ती दादरची, लहानपणापासून इंग्रजी शाळेतली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. ती काळाचौकीला आमच्या चाळीत यायची, तेव्हा गॅलरीतले कपडे काढता काढता मला शब्द शिकवायची. विसळणं म्हणजे रिन्स, चिंब म्हणजे सोक्ड आणि पुरतं न वाळलेलं म्हणजे डॅम्प.

"डॅम्प तर माझा कुर्ताच असतो," मी एकदा सांगून टाकलं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून आई तो भाताच्या गरम टोपाच्या झाकणावर पसरते. तरी ओलसरच राहतो आणि मी तसाच घालून येते. "कोणाला सांगू नकोस हां."

"वेडी आहेस का गं? मी कशाला सांगेन?" ती म्हणाली होती.

पुढच्याच आठवड्यात सरांनी वर्गात डॅम्पचं उदाहरण विचारलं. तिने हात वर केला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि भाताच्या टोपासकट सगळं इंग्रजीत सांगितलं. वर्ग हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "काय गं, भात शिजला का?"

"अगं, मस्करी केली. राग आला?" ती खाली बसत म्हणाली.

तिचं प्रत्येक वाक्य मला समजलं होतं, बहुतेक तिच्यामुळेच. मग सरांनी पुढच्या शब्दावर मला वाक्य करायला सांगितलं. वाक्य माझ्या मनात तयार होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "येत नाही, सर."