कमलची न्याहारी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा गाढवपणा मी पुऱ्या शुद्धीत, वहीत नीट लिहून घेऊन केलेला आहे.

आमची कमल सात वर्षांची. झोपली की अशी घोरायची की गावी, वालूरला, शेजारी विचारत, "पाव्हणे आलेत का?" पण मधेच तिचा श्वास अडकायचा आणि मी ताडकन उठून बसायचो.

शेवटी परभणीला नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे. नाकामागं मांस वाढलंय, भूल देऊन खरवडून काढू, म्हणाले. "कल सुबह बच्ची को निहार लाना."

मला उर्दू येते, असा माझा समज. लगेच लिहिलं : उद्या सकाळी न्याहारी करून आणणे.

बाहेर थांबलेल्या बायकोला, गिरजाला, सगळं सांगितलं, तर म्हणाली, "भूल द्यायची तर पोटात काही नसावं म्हन्त्यात."

"लिहून घेतलंय मी."

वहीपुढं कुणाचं चालतं?

सकाळी धर्मशाळेत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बसलो की उठायचो, उठलो की बसायचो. कमल भेदरलेली, घास गिळेना.

"आबा, भूक न्हाई मला."

"डॉक्टरनं सांगितलंय, बाळ. हा चिऊचा, हा काऊचा."

दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "पोरीनं काही खाल्लं न्हाई ना?"

"असं कसं? भाकरी, दूध, केळं. दुसरं केळं मात्र अर्धं टाकलं," मी ओशाळून म्हणालो.

तो आत गेला आणि डॉक्टरांनाच घेऊन आला. मी वही उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"न्याहारी?" डॉक्टर म्हणाले. "मैंने निहार बोला था."

गिरजानं कपाळाला हात लावला. "अवो, निहार म्हंजे उपाशीपोटी. हकिमाचं औषध मी रोज निहारच घेते की, तुमच्याच म्होरं."

भरल्या पोटी भूल दिली असती तर अन्न श्वासात जाऊन पोर हातची गेली असती, हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर मी भिंत धरली. कंपाउंडरनं मलाच बाकावर बसवलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. कमल तोंड मिटून, आवाज न करता झोपली. इतकी शांत, की मीच तिला दोनदा हलवून उठवलं.

घरी निघताना डॉक्टर पथ्य सांगायला आले. मी वही काढली, टाक सावरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गिरजाकडं वळले.

"बाई, आप सुनो. इनको लिखने दो."

तेही मी लिहून घेतलं. तारखेसकट.