कोपरा फाटलेलं पत्र

एकोणीसशे एकाहत्तर साल. मी बावीस वर्षांचा. दादा सीमेवर, लढाई पेटलेली, अन् इकडं उदगीरजवळच्या आमच्या गावात पावसानं दगा दिलेला. शाळा माझी चौथीपर्यंत, पण घरात वाचता येणारा मीच. दादाचा हात लिहिण्यावर वळत नसे. त्याची पत्रं जोडीदार लिहून द्यायचे, दर वेळी अक्षर निराळं. मी मोठ्यानं वाचायचो, गंगावहिनी चुलीकडं तोंड करून ऐकायची. मागच्या महिन्यात ती गेली, म्हणून हे लिहितोय...

लढाई लागली अन् पत्रं थांबली. मग एका दुपारी पोस्टमन आला. एरवी 'बाई, पाणी द्या' म्हणणारा तो माणूस निळं पत्र ओट्यावर ठेवून तसाच वळला. पत्राचा कोपरा फाटलेला होता. आमच्याकडं मयताची खबर तशी येते. असं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडतात. आईनं हंबरडा फोडला. बाया जमल्या. एकीनं वहिनीचा हात धरला, बांगड्यांसाठी.

"माझ्या चुड्याला हात लावून तर बघ!" वहिनीनं हात हिसडला, पत्र उचललं अन् सरळ घरात नेलं. मी मागं गेलो.

"वहिनी, वाचू का?"

"न्हाई. बंद हाय तवर ते जित्ते हायत, भावजी."

पत्र तिनं दिवा ठेवायच्या देवळीत ठेवलं, फाटका कोपरा भिंतीकडं. होळीच्या आधी दादा दारात उभा! वाळलेला, पण धडधाकट. पत्र बघून हसला. "अगं, खुशालीचं हाय. थैल्यात फाटलं असंल. फोड की."

"तुमी आलाव न्हवं? मग राहू द्या."

राहिलंच. पुढं लातूर जिल्हा झाला, रस्ता रुंद झाला, आमचं घर पाडून नवं बांधलं. गवंड्याच्या उरावर बसून तिनं आधी देवळी करून घेतली. दादा तापानं फणफणला की ती पहिल्यांदा तिकडं बघायची, मग डॉक्टरकडं पळायची.

तिचे दिवस झाले त्या संध्याकाळी दादाच्या नातवानं पत्र काढलं. "आजोबा, आता तरी फोडू?"

दादाला आता नीट दिसत नाही. माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "काय लिवलं होतं, मलाच याद न्हाई. वाच की रं."

नातवानं पत्र माझ्या हातात दिलं. पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबादच. फाटक्या कोपऱ्यावरनं बोट फिरवलं...

"उजेड कमी हाय," मी म्हणालो. "उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. पत्र देवळीत होतं तसं ठेवलं, फाटका कोपरा भिंतीकडं. मग दादाच्या बाजेपाशी गेलो अन् त्याची छाती वर-खाली होतेय का, ते वाकून बघितलं.